मीरामावशीकडची होडी

२ जुलै २०२४

पोचले एकदाची! चामोर्शीपासून पुढचा रस्ता असा की स्कूटरच्या डिकीतल्या पटाशा, रंधा, हातोडा सगळे मिळून भजनी मंडळासारखे वाजत होते. पण होडी बघितली आणि कंबरदुखी विसरले.

अठरा फुटी, सागाच्या फळ्यांची, पुढं दोन माणसं अंग चोरून झोपतील एवढी खोपी. नागपूरच्या कुठल्याशा तलावावर कधीकाळी शर्यतींसाठी बांधलेली. आता पत्र्याच्या शेडखाली, दोन ओंडक्यांवर, रंगाची खपली निघालेल्या अवस्थेत. डोलकाठी शाबूत! शीड घुशींनी खाल्लंय, ते मी नवं आणलंच आहे. जुन्या होड्यांच्या ग्रुपवर फोटो दिसला तेव्हाच मी ठरवलं होतं. गोव्यात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या होड्या घडवल्या, दुरुस्त केल्या. आता ही माझी. पाऊस ओसरला की एकटीनं निघायचं. वैनगंगा, मग प्राणहिता, सिरोंच्याला गोदावरी, आणि मग थेट समुद्र. मध्ये बंधारे आले की बैलगाडीवर घालून पलीकडं न्यायची. बल्लारपूरला आईला सांगून ठेवलंय की फोन लागला नाही तर समजायचं, संघप्रिया पाण्यात आहे आणि मजेत आहे. आई म्हणाली, जय भीम, बुडून आलीस तर तंगडं मोडीन.

घर नदीच्या काठावर एकटंच आहे. एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला नाला. गाव नाल्यापलीकडं, रपट्यावरून, म्हणजे नाल्यातल्या ठेंगण्या फरशीपुलावरून, जावं लागतं. मालकीण मीराबाई, साठीच्या असतील, हातापायांनी दणकट, बोलायला गोड. होडीबद्दल काही घ्यायला तयारच नाहीत. एकच अट, काम इथंच राहून करायचं आणि जेवायचं घरात. त्यांचा नवरा देवराव एक पाय ओढत चालतो. बैलगाडीखाली आला होता म्हणे, आणि तापात डोकंही गेलं, म्हणून बोलत नाही. मी नमस्कार केला तर त्यानं मान फिरवली.

रात्रीच्या जेवणात अंबाडीची भाजी, भात, जवसाची चटणी. मी मावशी म्हणाले तर मीराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी आहे त्यांना, पुनम. लांब असते.

५ जुलै

होडी कळायला लागली की तिच्याशी बोलणं सुरू होतं. जुना रंग खरवडला. तळाच्या तीन फळ्या कुजल्यात, बाकी साग असा की पटाशीलाही दाद देत नाही. पाणी अडवायला फटींत भरलेला कापूस काही ठिकाणी फार सुबक ठोकलेला आहे, सुताराचा हात. त्याच्या शेजारी मात्र कुणीतरी शहरी माणसानं इपॉक्सीचा गोंद नुसता थापलाय. म्हणजे माझ्याआधी दोघांनी तरी हिच्यावर काम केलं. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, नागपूरचा एक मास्तर आला होता, अर्धवट टाकून गेला. लोक असेच असतात, जातात.

देवरावभाऊ लांब बसून बघतो. आज मी फळी बसवत होते, एक टोक वर राहत होतं, तर न सांगता उठून आला, दोन ठिकाणी रंधा मारला आणि फळी चपखल बसली. मी शाबासकी दिली. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी वळून पुढची फळी उचलली. तेवढ्यात मावशींनी हाक मारली आणि तो मारलेल्या कुत्र्यासारखा निघून गेला.

मावशींची माया मात्र फार. दुपारी जेवल्यावर ओसरीत पालथं झोपायला लावतात आणि जवसाचं कोमट तेल घेऊन पाय चोळून देतात. मी आधी लाजले. त्या म्हणाल्या, "पोरी, दिवसभर उभी राह्यतं तू. मले चोळू दे वं." खरंच झोप लागते. आज चोळता चोळता मला पुनम म्हणाल्या. मी दुरुस्त केलं नाही.

१० जुलै

वाईट दिवस. चामोर्शीला पितळी स्क्रू आणायला गेले होते. दुपारी परत आले तर होडीच्या पोटाला भगदाड. नव्या दोन फळ्या कुऱ्हाडीनं फोडलेल्या. घाव ताजे, लाकडाचा वास येत होता.

मावशी शेडमध्ये बसून रडत होत्या. हे देवरावभाऊचं काम, म्हणाल्या. त्याला मधूनच पिसाळल्यासारखं होतं, त्यांनी अडवायला हात घातला तर त्यांनाही ढकललं. कोपरावर खरचटलं होतं. तो कुठं आहे विचारलं तर मागच्या खोलीकडं बोट दाखवलं. दाराला बाहेरून कडी. आत काही हालचाल नव्हती.

मी फार चिडले होते. खरं तर तेव्हाच सामान बांधायला हवं होतं. पण मावशींनी पाय धरले. एवढ्या म्हाताऱ्या बाईनं पाय धरल्यावर काय करणार? आणि होडी अशी उघड्या पोटाची टाकून जायला मला जमेना. फळ्या पुन्हा कापते आहे.

१४ जुलै

पाऊस थांबत नाही. रपटा पाण्याखाली गेला, स्कूटर इकडच्या बाजूला आणि रस्ता तिकडच्या. मावशी खूश दिसल्या. म्हणाल्या, आता दहा-पंधरा दिवस कोणी येत नाही, कोणी जात नाही, घर कसं भरल्यासारखं वाटते.

एक बाई मात्र आली. सोमारी नावाची, वरच्या अंगाच्या जंगलातल्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, डोंग्यातून मासे आणि सात्या, म्हणजे रानातली अळंबी, विकते. आमच्या काठाला डोंगा लावला, पण वर काही आली नाही. मी खाली गेले तर मासे मापायचे सोडून मला म्हणाली, "बाई, होडी पुरी नको करू. अशीच चल. बस डोंग्यात." मी हसले. सामान आहे, काम आहे, अशी कशी येऊ? तिनं माझं मनगट धरलं. हात थंडगार. तेवढ्यात वरून मावशींची हाक आली आणि सोमारीनं वल्ह्यानं काठाला असा रेटा दिला की टोपलीतले मासे चिखलात सांडले. ते घ्यायलाही थांबली नाही.

मावशी म्हणाल्या, त्या बाईची नजर वाईट आहे. मासे त्यांनी गोळा केले आणि चिरायला बसल्या. एक जिवंत होता. त्याला आधी मारलं नाही. मधून कापत गेल्या, माझ्याशी बोलत, पुनमच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत.

१७ जुलै

घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी दहाच्या सुमारास मी डोलकाठीच्या दोऱ्या लावत होते. मावशी विहिरीवर. दोन दिवसांपासून पुन्हा मोकळा सोडलेला देवरावभाऊ शेडमध्ये आला आणि त्यानं माझा दंड पकडला. मला नदीच्या दिशेनं ओढायला लागला. तोंडातून फक्त "जाय... जाय" एवढंच. लाळ गळत होती. मी किंचाळले. पाय ओढणारा माणूस, पण पकड सोडवेना.

मावशी धावत आल्या त्या मुसळ घेऊनच. पहिला फटका खांद्यावर बसला. तो खाली पडला. दुसरा डोक्यात. मग तिसरा, मग मी मोजणं सोडलं. ओल्या मडक्याचा आवाज येतो तसा आवाज होता. मी मावशींच्या कमरेला मिठी मारून मागं खेचलं तेव्हा त्या थांबल्या. धापही लागली नव्हती. पदरानं मुसळ पुसलं आणि म्हणाल्या, "तुले हात लावला त्यानं. माझ्या पोरीले."

तो जिवंत आहे. मावशींनीच जखमेत हळद भरली, चिंधी बांधली, आणि त्याला मागच्या खोलीत खाटेला बांधलं. त्याच्यासाठीच चांगलं आहे, म्हणाल्या. मग चूल पेटवून मला गरम भात वाढला. पदराला त्याचं रक्त होतं. मी दोन घास खाल्ले, कारण त्या बघत होत्या.

पोलिसांना सांगायला हवं. फोनला रेंज नाही. पाणी उतरलं की सांगेन.

२० जुलै

होडी तरंगली.

ओंडक्यांवरून ढकलत काठाला नेली. पुराचं पाणी शेडपासून चार पावलांवर आलंय, त्यामुळं मावशींची मदत पुरली. कुठंच पाझर नाही. शीड उभारलं, वारा भरला, आणि ती अशी सुटली की सगळं विसरून मी ओरडले. काठाच्या शांत पाण्यातच एक फेरी मारली. नाव मनात ठरलंच होतं. रमाई.

वळताना काठाकडं बघितलं. मावशी पाण्यात होत्या. गळ्यापर्यंत. दोन्ही हात वर करून चालत येत होत्या, पोहता येत नसताना, आणि पुनम, पुनम म्हणून ओरडत होत्या. मी घाईनं परत आले. त्यांनी मला मिठी मारली, थाडकन थोबाडीत मारली आणि खांद्याला चावल्या. खेळातलं चावणं नाही. कुडता फाटला, रक्त आलं. दात सोडवायला मला त्यांचे केस ओढावे लागले.

मग लगेच निवळल्या. म्हणाल्या, माय आहे, जीव जाते.

मी शांतपणे सांगितलं की उद्या निघते. थेट समुद्राला नाही, फक्त खाली मार्कंड्याच्या घाटापर्यंत, माणसांत. त्या म्हणाल्या, बरं. भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, बरं वं.

फोन सापडत नाही.

२१ जुलै

माझी चूक झाली. एवढं सगळं बघून मी तिथं जेवले. सकाळपासून वादळी वारा होता, दुपारपर्यंत थांबू म्हटलं. जेवल्यावर त्या तेलाची वाटी घेऊन आल्या. शेवटचं चोळून देते, म्हणाल्या. मी नको म्हटलं तर रडायला लागल्या. मला त्यांना दुखवायचं नव्हतं. निघायचं होतं म्हणून दुखवायचं नव्हतं.

ओसरीत पालथी झोपले. डावी पोटरी, मग घोटा. हात किती हलके. मग टाचेच्या वर थंड काहीतरी टेकलं आणि

विळा. एकाच ओढीत. आतून काहीतरी तुटून पोटरीत वर सरकलं, चाबकासारखं. मी उठायला गेले तर पाऊल नव्हतंच, म्हणजे होतं, पण माझं नव्हतं.

त्यांनी रक्त थांबवलं. फार चांगलं थांबवलं. हे त्यांनी आधी केलेलं आहे.

कपाळावरून हात फिरवून म्हणाल्या, "झालं. आता आराम कर. आता कुठी नाई जायचं."

२२ जुलै

मागची खोली. मी आणि तो. वही आणि पेन कमरेच्या प्लास्टिक पिशवीत होतं, ते तिनं बघितलं नाही.

शुद्धीवर आले तेव्हा तो खाटेवरून माझ्याकडं बघत होता. पहिल्यांदा त्याचा आवाज नीट ऐकला. फुटका, हळू. म्हणाला, "मी देवराव नाई. मी पत्रू. कुरखेड्याचा. सुतार आहो."

होडी दुरुस्त करायला आला होता. तिनंच बोलावलं. घरी मागं कुणी नाही, म्हणून कुणी शोधलं नाही. होडी पूर्ण झाली, त्यानं निघतो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तिनं पाय कापला. टाचेच्या वर पांढरा वळ आहे, माझ्या जखमेच्या जागीच. मग त्याला देवराव म्हणायला लागली. गावाला वाटतं दुसरा घरवाला केला आणि पहिल्याचंच नाव दिलं, लोक हसतात. खरा देवराव आणि पुनम एका सकाळी डोंग्यातून गेले ते परत आलेच नाहीत. बुडाले की पळाले, त्याला माहीत नाही. तिलाही नसावं.

होडी पुन्हा कुजेपर्यंत तिनं तशीच टाकली, मग मास्तर आला. मास्तर फार ओरडायचा. पत्रूनं खिडकीतून जांभळीच्या झाडाखालच्या मातीकडं बघितलं.

होडीचा फोटो तीच टाकते. मास्तरच्या फोनवरून.

मी विचारलं, माझी होडी का फोडलीस? म्हणाला, "वाटलं कंटाळून चालली जाशीन. पुरी झाली नाई तोवर ती हात लावत नाई."

मी त्याचे दोर सोडवते आहे. नखांनी. माझा हातोडा आणि पटाशी शेडमध्येच आहेत. होडी जांभळीला बांधलेली. तिला वाटतं, दोघांचे मिळून दोनच पाय, जातील कुठं.

२२ जुलै, नंतर

पेज घेऊन आली. मला पुनम म्हणून भरवलं. मी आई म्हणाले. ती रडली.

त्याला दिलीच नाही. म्हणाली आता दोघी बस आहो. याचं काय काम?

म्हणजे उद्या

पाणी अंगणात आलंय. ती कोंबड्या वर चढवायला जाईल तेव्हा. आमचं ठरलंय.

२३ जुलै. होडीत.

जिवंत आहे. किती वाहत आले कळत नाही. चहूकडं गढूळ पाणी, झाडांचे शेंडे. संध्याकाळचं ऊन पडलंय. शीड फाटलं. लिहिते म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

ती कोंबड्यांकडं गेल्यावर पत्रूनं खाटेची पट्टी दाराच्या फटीत घालून कडी उचलली आणि सरपटत निघालो. तो पुढं, मी मागं, अंगणातल्या पाण्यातून. शेडमधून मी पटाशी घेतली, त्यानं हातोडा. जांभळीपर्यंत पोचलो. त्यानं मला उचलून होडीत टाकलं, कसं उचललं देव जाणे. तो दोर सोडत होता तेव्हा ती आली. कुऱ्हाड होती.

पहिला घाव त्याच्या पाठीत. तो वळला आणि त्यानं तिला मिठी मारली. सोडलंच नाही. ती मारत होती, खांद्यावर, मानेवर, आणि तो माझ्याकडं बघून तेच म्हणत होता, जाय. त्याचा कान गेला. जबडा गेला. तरी हात सुटले नाहीत. हातोडा होडीत फेकला होता त्यानं, माझ्या पायाशी पडला. मी

मी होडीच्या काठावरून वाकले आणि पटाशी तिच्या मानेच्या बाजूला घातली. मुठीपर्यंत. सागासारखी नाही गेली. सोपी गेली.

ती ओरडली नाही. पत्रू खाली घसरला आणि पाण्यानं त्याला नेलं, पालथा, एकदाच हात वर आला. ती उभी होती. मानेत पटाशी. होडी सुटायला लागली तसा तिनं मागच्या कडीचा दोर धरला आणि स्वतःच्या कमरेला गुंडाळला. एक वेढा, दोन वेढे, बैलाला आवरावं तसं. प्रवाहानं होडी खेचली आणि ती दोरासकट आत गेली. डोकं खाली गेलं. वर आलं नाही. मी किती वेळ बघत होते.

दोर अजून कडीला आहे. गाठ ओली होऊन आवळलीय, सुटत नाही, नखं तुटली. कापायला काही नाही. पटाशी तिच्याजवळ आहे.

खरं सांगायचं तर दोराच्या टोकाला वजन आहे म्हणूनच होडी सरळ वाहतेय. पुरात हलक्या होडीच्या मागं ओझं बांधावं, गोव्यात हेच शिकलो आम्ही. नाहीतर आडवी होऊन केव्हाच उलटले असते. तिनंच मला

लांबवर दिवे दिसतात. घाट असावा. माणसं आहेत. ओरडते. पाऊल काळं पडलंय, पण दिवे आहेत. आई, मी येते आहे.

दोर सैल झाला.

तुटला? तुटला असेल. बरं झालं. पण तुटला तर होडी आडवी व्हायला हवी, ती अजून सरळच

मागची बाजू जड झाली. होडी मागं बसतेय. पाणी आत येतंय, काठाला बाहेरून धरलेली चार बोटं

हातोडा कुठं